घरकुलात कापूस कुठे ठेवायचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गोतावळ्यात सध्या घरावरून दोन तट पडले आहेत. पुण्या-मुंबईत स्थिरावलेली मंडळी माती-बांबूच्या घरांची छायाचित्रे पाठवून ‘असे बांधा’ असा आग्रह धरतात, तर गावातल्यांना घरकुल मंजूर होऊन स्लॅब कधी टाकता येईल याचीच घाई आहे. मी जर्मनीत डार्मश्टाटला राहतो आणि ‘तिकडे तर आता मातीचीच घरे बांधतात’ असे कोणीतरी वाचलेले असल्यामुळे दोन्ही बाजू मलाच पंच करतात.

वाचलेले खोटे नाही. इथे अल्नातुरा या सेंद्रिय अन्नपदार्थांच्या कंपनीचे २०१९ मध्ये उघडलेले कार्यालय आहे आणि त्याच्या लांबलचक भिंती ठासलेल्या मातीच्या आहेत. आसपासच्या खेड्यांतल्या जुन्या घरांत लाकडी सांगाड्याच्या मधल्या जागा काटक्यांच्या विणीवर माती थापून भरलेल्या दिसतात. तो आपला कूडच आहे. मात्र आज इथे मातीला जो मान आहे, तो केवळ जुन्याच्या प्रेमातून आलेला नाही. मातीच्या विटांसाठी २०१३ पासून जर्मन मानक आहे, त्यामुळे अभियंता हिशेब करून सही करू शकतो आणि ते काम शिकलेला कारागीर मिळतो. शिवाय हे काम स्वस्तही नसते, हे छायाचित्रे पाठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मानक आपल्याकडेही आहे. थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांसाठी आयएस १७२५ कित्येक दशकांपासून अस्तित्वात आहे आणि वर्ध्याचे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र १९७६ पासून खेड्याला परवडेल अशा बांधकामावर काम करत आले आहे. तरीही तालुक्याच्या गवंड्याला यातले काही शिकवले जात नाही. कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून ती ठोकळ्यांना जशीच्या तशी चालत नाही, त्यासाठी मुरूम लागतो; एवढे साधे ज्ञान नसताना केलेला पहिला प्रयोग फसतो आणि सारे गाव मातीला नावे ठेवते. दुसरे असे की, कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर ही घरकुलाच्या पात्रतेचीच खूण आहे. ज्या भिंतीमुळे माणूस सरकारदरबारी गरीब ठरला, तीच त्याने अभिमानाने पुन्हा उभारावी, असे दुरून सांगणे मला तरी अवघड जाते. वानरांनी फोडलेले कवेलू, म्हणजे छपराची कौले, दर उन्हाळ्यात फेरणे आणि सारवणाचे न संपणारे काम ज्या बायाबापड्यांनी केले आहे, त्यांची स्लॅबची ओढ अडाणीपणाची नाही.

लहान घराचे इथे नवे कौतुक आहे. जर्मनीत माणशी सरासरी ४७ चौरस मीटरच्या आसपास जागा असते. तिचा कंटाळा येऊन कोणी चाकांवरच्या छोट्या घरात राहायला जातो आणि घडीचा पलंग, जिन्याखालचे कप्पे कौतुकाने दाखवतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र, स्वयंपाकाची जागा धरून, अख्ख्या कुटुंबाला २५ चौरस मीटर आहे. पूर्वीच्या लहान घरात माणसे मावत होती, कारण त्यांचे अर्धे जगणे सपरीत (घराच्या पडवीत), ओट्यावर आणि सांदवाडीत (परसात) चाले. घरकुलात खोली येते आणि सपरी बहुधा पैशाअभावी राहून जाते. मग वेचणीनंतर भाव पडलेला असला की कापूस घरातच भरावा लागतो. त्याच ढिगाशेजारी मुले निजतात आणि अंग खाजवत उठतात. घडीच्या पलंगाने हा प्रश्न सुटत नाही. त्याला भिंतीच्या वरच्या भागात हवेशीर माळा हवा, किंवा टिनाची का होईना, बाहेर कोरडी पडवी हवी.

स्लॅबचा खरा दोष उन्हाळ्यात कळतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६ अंशांवर जातो, दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडत राहतो आणि वीज गेली की कुलरही थांबतो. जर्मनीतली घरे थंडी अडवण्यासाठी जाड आच्छादनात गुंडाळलेली असतात. ती नक्कल आपल्याला नको, पण छपराकडे आधी पाहण्याची सवय घ्यावी. स्लॅबवर चुन्याचा पांढरा लेप देता येतो, उतरवलेले कवेलू फेकून न देता त्यावर मांडता येतात आणि स्लॅब ओततानाच खालच्या भागात कवेलू घालून सिमेंटही वाचवता येते. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रांची राख जवळच असल्यामुळे तिच्या विटांचा विचारही आधी विदर्भातच व्हायला हवा.

म्हणून पंच म्हणून माझे मत गावाच्या बाजूने पडते, पण एका अटीवर. मूळ १ लाख २० हजारांचे अनुदान बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळते आणि टप्पा पाहायला माणूस येतो. जोते आणि छप्पर झाले की नाही एवढेच न पाहता पश्चिमेच्या भिंतीवर सावली आहे का, वारा आरपार जातो का आणि कापसाला जागा सोडली आहे का, हेही त्याने पाहावे आणि सपरीसाठीचे पैसे अनुदानात वेगळे धरले जावेत. सपरी नसलेल्या घराचा शेवटचा हप्ता अडवू नये, हे मात्र आधीच स्पष्ट लिहून ठेवलेले बरे, कारण आपल्याकडे चांगल्या अटीचा जाच व्हायला वेळ लागत नाही.