होमरनचा चेंडू परत करण्याची सक्ती नाही
बेसबॉलमधील ऐतिहासिक होमरनचा, म्हणजे मैदानाबाहेर टोलवलेल्या फटक्याचा, चेंडू हाती लागलेल्या प्रेक्षकाने तो संघाला परत करणे कायद्याने बंधनकारक असते, हा समाजमाध्यमांवर फिरणारा दावा अमेरिकी बेसबॉलपुरता चुकीचा आहे. ७ ऑक्टोबर २००१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत बेसबॉलपटू बॅरी बाँड्सच्या एका हंगामातील विक्रमी ७३व्या होमरनचा चेंडू एका प्रेक्षकाच्या ग्लोव्हमध्ये आला, पण गर्दीने त्याला खाली पाडले आणि चेंडू दुसऱ्याने उचलला. या वादात न्यायालयाने प्रेक्षकांत गेलेला चेंडू ही मालकाने सोडून दिलेली वस्तू मानली आणि दोघांना समान हक्क दिला. २००३ मध्ये तो ४,५०,००० डॉलरना विकून रक्कम निम्मी-निम्मी वाटण्यात आली. बेसबॉलपटू डेरेक जेटरच्या ३,०००व्या हिटचा (यशस्वी फटक्याचा) चेंडू २०११ मध्ये एका चाहत्याने स्वखुशीने परत केला, हे औदार्य मोठेच. पण त्याचा दाखला देऊन विकणाऱ्याला चोर ठरवणे अन्यायाचे आहे.