बेट३६५ ने स्टोक शहर वाचवलं, म्हणून आपणही सट्टा कायदेशीर करायचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला. त्यानंतर एक मजकूर मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट या उतरती कळा लागलेल्या शहरात डेनीस कोट्स यांनी पार्किंगमधल्या एका पोर्टाकॅबिनमधून (हलवता येणाऱ्या तात्पुरत्या खोलीतून), शून्यातून, बेट३६५ ही ऑनलाइन बेटिंग कंपनी उभी केली. सरकारकडून काहीही न घेता शहर वाचवलं, देशात सर्वाधिक कर भरला. आणि आपण मात्र हाच धंदा बंद करून रोजगार आणि महसूल दोन्ही घालवतो आहोत.

यातल्या बऱ्याच गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवं. डेनीस कोट्स यांची हुशारी आणि चिकाटी मी नाकारत नाही. माझा आक्षेप त्यांच्या यशावरून काढलेल्या निष्कर्षाला आहे.

‘शून्यातून उभी केली’ हे आधी पाहू. कोट्स कुटुंब इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून बेटिंगच्या धंद्यात होतं. वडील पीटर कोट्स खाणकामगाराचे चिरंजीव, चौदा भावंडांतले शेंडेफळ. त्यांनी स्टेडियममध्ये खाद्यपदार्थ पुरवण्याच्या व्यवसायात पैसा कमावला आणि प्रोव्हिन्शियल रेसिंग ही बेटिंगच्या दुकानांची छोटी साखळीही चालवली. शून्यातून वर आले ते खरं तर पीटर. डेनीस शेफील्ड विद्यापीठात अर्थमिती शिकल्या, वडिलांच्याच कंपनीत हिशेबाचं काम करू लागल्या आणि १९९५ मध्ये दुकानांचा कारभार त्यांच्या हाती आला. बेट३६५ हे डोमेन त्यांनी ईबेवरून २५ हजार डॉलरना घेतलं आणि २००१ मध्ये साइट सुरू केली. पुढचा धंदा ऑनलाइन असणार हे त्यांनी फार लवकर ओळखलं, याचं श्रेय त्यांचंच. पण त्यासाठीचे दीड कोटी पौंड आरबीएस बँकेने कर्जाऊ दिले, ते या दुकानांच्या तारणावर. साइटचा जम बसल्यावर २००५ मध्ये ती दुकानं कोरल कंपनीला ४ कोटी पौंडांना विकली गेली. पोर्टाकॅबिन खरी होती, शून्य मात्र नव्हतं.

‘सरकारकडून काही घेतलं नाही’ हे त्याहून चुकीचं. अनुदान घेतलं असं मी म्हणत नाही. पण ही बाजारपेठच कायद्याने घडवलेली आहे. बेटिंगची दुकानं ब्रिटनमध्ये मे १९६१ पासून कायदेशीर झाली. पैज लावणाऱ्याच्या पैशातून ९ टक्के कापले जात असत. कर वाचवण्यासाठी बुकी जिब्राल्टरला जाऊ लागले तेव्हा सरकारने ऑक्टोबर २००१ मध्ये ती कपात काढून टाकली आणि त्याऐवजी बुकीच्या ढोबळ नफ्यावर १५ टक्के कर बसवला. म्हणजे बेट३६५ ची साइट सुरू झाली त्याच वर्षी ग्राहकाला पैज करमुक्त झाली. पुढे २००५ चा जुगार कायदा सप्टेंबर २००७ पासून लागू झाला आणि टीव्हीवर सट्ट्याच्या जाहिराती करण्याची मुभा मिळाली. मॅचच्या मध्यंतरात ‘आत्ता लावा’ म्हणणाऱ्या जाहिरातींचा काळ तिथून सुरू होतो.

आता ‘शहर वाचवलं’. या दाव्यात सगळ्यात जास्त तथ्य आहे आणि सगळ्यात मोठी फसगतही इथेच आहे.

स्टोक म्हणजे टनस्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन अशी सहा गावं मिळून झालेलं, चिनी मातीच्या भांड्यांचं शहर. वेजवूड, स्पोड, रॉयल डाल्टन ही नावं इथलीच. रॉयल डाल्टनचा नाईल स्ट्रीटवरचा कारखाना २००५ मध्ये बंद झाला, २००८ मध्ये स्पोड बुडाली. त्याआधी १९९८ मध्ये सिल्व्हरडेल ही परिसरातली शेवटची मोठी कोळसा खाण बंद पडली होती. बेट३६५ चं मुख्यालय शहराच्या एट्रुरिया भागात आहे. तिथेच जोसाया वेजवूडने १७६९ मध्ये आपला कारखाना थाटला आणि पुढे शेल्टन बारचा पोलादाचा कारखाना धडधडत होता. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला या जागेबद्दल वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी हजारो पगारी नोकऱ्या आल्या, त्याही सॉफ्टवेअरच्या, हे मोठं काम आहे. कोट्स कुटुंबाने स्टोक सिटी हा फुटबॉल क्लब सांभाळला, डेनीस यांच्या प्रतिष्ठानाने इस्पितळांना देणग्या दिल्या. स्टोकच्या लोकांना त्याचं अप्रूप वाटतं ते उगाच नाही.

पण शहर ‘वाचलं’ का? २०१९ च्या सरकारी निर्देशांकात इंग्लंडच्या ३१७ स्थानिक प्रशासनांमध्ये सर्वाधिक वंचितांत स्टोकचा क्रमांक १४ वा होता. २०२४ मध्ये तिथल्या नगर परिषदेला ताळेबंद जुळवण्यासाठी केंद्र सरकारकडे विशेष साहाय्य मागावं लागलं. एक भरभराटीची कंपनी आणि तिच्याभोवती एक गरीब शहर, हे दोन्ही पंचवीस वर्षं शेजारी नांदू शकतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे पैसा येतो कुठून. वेजवूडची बशी घेणाऱ्याच्या हाती बशी येते. बेटिंग कंपनीचं उत्पन्न म्हणजे लोकांनी लावलेल्या रकमेतून जिंकणाऱ्यांना दिलेली रक्कम वजा करून उरतं ते, म्हणजेच ग्राहकांचं एकत्रित नुकसान. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात बेट३६५ चं उत्पन्न सुमारे ३७० कोटी पौंड होतं. एवढा पैसा अडीच लाखांच्या स्टोकमधून आलेला नाही. तो ब्रिटनच्या इतर शहरांतून आणि परदेशांतून आला. हरणारे चहूकडे विखुरलेले आणि पगार एका गावात, म्हणून स्टोकच्या हिशेबात हा धंदा फायद्याचा दिसतो. आख्ख्या देशाचा हिशेब मांडला की देशातल्या हरणाऱ्यांचं नुकसानही त्याच वहीत लिहावं लागतं. दुकानात, शाळेत, घराच्या हप्त्यात गेला असता तो पैसा तिकडून उठून इकडे आलेला असतो. स्टोकसुद्धा यातून सुटलेलं नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने, एनएचएसने, २०२२ मध्ये जुगाराच्या व्यसनावर उपचार करणारी दोन नवी केंद्रं जाहीर केली, त्यांतलं एक स्टोकमध्येच होतं.

‘सर्वाधिक कर भरला’ हे बऱ्याच अंशी खरं आहे. संडे टाइम्सच्या २०२१ च्या करदात्यांच्या यादीत कोट्स कुटुंब ५७.३ कोटी पौंडांसह पहिलं होतं. डेनीस कोट्स ब्रिटनमध्येच राहतात, पगार घेतात आणि त्यावर पूर्ण आयकर भरतात. अनेक अतिश्रीमंतांबद्दल असं म्हणता येत नाही. पण पगाराचे आकडेही पाहा: मार्च २०२० ला संपलेल्या वर्षात ४२.१ कोटी पौंड, वर लाभांश. २०२२-२३ मध्ये अमेरिकेतल्या विस्ताराच्या खर्चामुळे कंपनी तोट्यात गेली, तरी पगार २२ कोटींच्या घरात.

करासमोर खर्चही मांडायला हवा. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने २०२० मध्ये नोंदवलं की या उद्योगाचा ६० टक्के नफा अवघ्या ५ टक्के ग्राहकांकडून येतो आणि ते ग्राहक व्यसनात अडकलेले किंवा त्या वाटेवर असलेले असतात. जुगारामुळे इंग्लंडमध्ये होणारं नुकसान सरकारी आरोग्य विभागाने २०२३ मध्ये वर्षाला १०५ ते १७७ कोटी पौंड धरलं आणि जुगाराशी निगडित आत्महत्या वर्षाला ११७ ते ४९६. आत्महत्यांचा अंदाज बराच सैल आहे. महसुलाचा आकडा सांगणाऱ्या कुणीही हा आकडा गाळू नये.

राहिला आपल्याकडचा मुद्दा. कायदा आणताना आपल्या सरकारने अंदाज दिला होता की सुमारे ४५ कोटी लोक पैशांच्या ऑनलाइन खेळांत वर्षाला २० हजार कोटी रुपये हरतात. बंदी आली की लोक परदेशी आणि बेकायदा साइटकडे वळतील, ही भीती मला रास्त वाटते. दुबईतून चालवल्या गेलेल्या महादेव या सट्ट्याच्या ॲपचं प्रकरण या कायद्याच्या आधीचंच आहे. त्यावर बँक व्यवहार अडवणं, जाहिराती करणाऱ्या नटांना आणि खेळाडूंना जबाबदार धरणं, व्यसनमुक्तीची सोय करणं याबद्दल जरूर भांडावं. पण ‘सट्ट्याने आपल्या गावाचं स्टोक होईल’ हा युक्तिवाद त्यात आणू नये. स्टोकला जगभरचे ग्राहक मिळाले. आपल्याकडे कायदेशीर सट्टा सुरू झाला तर पैसे लावणार ती आपलीच, नुकती कमावती झालेली मुलं.

आणि ज्या ब्रिटनचा दाखला दिला जातो, त्या ब्रिटनने गेल्या काही वर्षांत काय केलं तेही मजकुरात यायला हवं होतं. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार बंद. २०२४ मध्ये खुद्द बेट३६५ ला, मनी लाँडरिंगविरोधी नियम आणि ग्राहकसंरक्षण यांतल्या त्रुटींसाठी, नियामकाकडे ५,८२,१२० पौंड भरावे लागले. २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटवर (चक्रं फिरवून खेळायच्या जुगारावर) एका डावाला ५ पौंडांची मर्यादा आली, पंचविशीच्या आतल्यांना २ पौंडांची. व्यसनाच्या उपचारांसाठी कंपन्यांवर सक्तीची पट्टी बसली. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ऑनलाइन कॅसिनोसारख्या खेळांवरचा कर २१ वरून ४० टक्के करण्याचं ठरलं, एप्रिल २०२६ पासून.