लाल रंग म्हणजे शेत बंद नव्हे

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर फिरतंय: 'नफ्याच्या नकाशात लाल दिसलेलं शेत पडीक ठेवावं लागणार.' चूक! हा नकाशा शेतात कुठे नफा, कुठे तोटा ते रंगांनी दाखवतो; लाल असतो तो तोट्यातला तुकडा, अख्खं शेत नव्हे. हार्वेस्टरवरचा मापक जागोजागचं उत्पन्न टिपतो. त्याच्या किमतीतून बियाणं, खत, डिझेलचा खर्च वजा केला की नकाशा तयार. आमचं सांवेरकडचं सोयाबीनच घ्या. नाल्याकाठी पाणी साचतं, शेंगा भरत नाहीत, खर्च मात्र तेवढाच. तिथे गवत लावलं तर तोटा थांबतो, मातीही अडते. अमेरिकेतल्या आयोवात चाचणीच्या शेतांत 10 टक्के जागेवर देशी गवताचे पट्टे ठेवले, तर वाहून जाणारी माती सुमारे 95 टक्क्यांनी घटली. सक्ती नाहीच. मापक नसेल तर (आपल्याकडे कुठला!) शेताच्या प्रत्येक भागातली पोती वेगळी मोजा, पण तीन-चार हंगाम तरी.