ओफीर म्हणजे नालासोपारा? जरा ‘स’ तपासून बघू

बायबलमधला सोन्यासाठी गाजलेला मुलूख ‘ओफीर’ म्हणजे आपलं नालासोपारा, असा एक मेसेज अधूनमधून फिरत येतो. इस्राएलच्या शलमोन राजाची जहाजं तीन हजार वर्षांपूर्वी इथूनच सोनं, चंदन, मोर आणि माकडं घेऊन गेली, आणि पुरावा म्हणे नावातच आहे. कल्पना आजची नाही. एकोणिसाव्या शतकापासून भलेभले विद्वान ती मांडत आलेत, त्यामुळे हसण्यावारी नेत नाही. पण पटतही नाही.

आधी नावच घेऊ, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. हिब्रूत हे नाव ‘ओफीर’. त्यात ‘स’चा मागमूस नाही. हा ‘स’ येतो बायबलच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास. तिथे ‘सोफीर’, ‘सोफेरा’ अशी रूपं दिसतात, आणि पुढे जोसेफस हा ज्यू इतिहासकार तर सोफीर हिंदुस्थानातच आहे असं सांगतो. मेसेजवाल्यांची ही खरी भक्कम बाजू, ते मान्य. पण तेल अवीवजवळ तेल कासिले इथे १९४६ साली एक खापर सापडलं. इ.स.पू. आठव्या शतकातलं, म्हणजे ग्रीक भाषांतराच्या कितीतरी आधीचं. त्यावर हिशेबाची नोंद आहे: ओफीरचं सोनं, बेथ-होरोनसाठी, ३० शेकेल. कुण्या कारकुनाने खरडलेली ओळ. तिथेही नाव ‘स’शिवायच आहे.

आता आपल्या टोकाकडून या. सोपारा तेव्हा सोपारा नव्हतंच. संस्कृतात शूर्पारक, पालीत सुप्पारक. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ‘शोर्पारग’ आहे. शूर्प म्हणजे आपलं धान्य पाखडायचं सूप. मधला तो ‘र’ झिजला, शेपटीचा ‘क’ गळला आणि मग ‘सोपारा’ झालं. म्हणजे अलीकडे यावं तसतशी ही दोन नावं जवळ येतात आणि मागे जावं तसतशी लांब जातात. खरं नातं असतं तर उलटं व्हायला हवं होतं.

मोर आणि माकडांचं काय? तो उल्लेख बायबलच्या ‘१ राजे’ या पुस्तकात, १०:२२ मध्ये आहे. त्या ओवीत ओफीरचं नावच नाही, तार्शीश या दुसऱ्याच ठिकाणाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जहाजांचं आहे. ‘मोर’ असं भाषांतर होतं तो शब्द ‘तुक्कीयीम’. अख्ख्या हिब्रू बायबलात तो फक्त तिथे आणि ‘२ इतिहास’ या पुस्तकातल्या त्याच मजकुराच्या पुनरुक्तीत येतो. त्याचा संबंध तमिळ ‘तोकै’शी, म्हणजे मोरपिसाऱ्याशी जोडतात. जोडा, पण मग जहाज तमिळ किनाऱ्याला लागतं, ठाणे-वसईच्या खाडीत कसं शिरतं? शिवाय जुन्या ग्रीक प्रतीत याच जागी मोर नाहीत, माकडं नाहीत. घडवलेले दगड आहेत. माकडासाठीचा ‘कोफ’ हा शब्द ‘कपि’सारखा वाटतो खरा, पण तशाच उच्चाराचा शब्द इजिप्तमध्ये शलमोनाच्या कित्येक शतकं आधी होता. तांबड्या समुद्रातून माकडं तिथे येतच होती.

चंदनाचं पटकन. मूळ शब्द ‘अल्मुग’. आणि २ इतिहास २:८ मध्ये शलमोन हेच लाकूड लबानोनातून, म्हणजे लेबनॉनमधून मागवतो. विषय संपला.

सोनं ४२० किक्कार, म्हणजे अंदाजे १४ टन. कोकणात सोन्याची खाण नाही. बंदर आहे, सोनं दुसरीकडून आलं असेल, असं म्हणता येईल. पण आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या व्यापाराचं जे जुनं ग्रीक वर्णन आहे, पेरिप्लस, त्यात सोन्याची नाणी भडोचला बाहेरून येताना दिसतात. अर्थात ते शलमोनानंतर हजार वर्षांनी लिहिलेलं, म्हणून त्यावर फार भार टाकत नाही. काळाचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळवला. तो अशोक इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, शलमोन दहाव्या.

राहिला ‘ओफीर’चा अर्थ. गंमत ही की बायबलमध्येच हा शब्द पत्ता सांगायचं हळूहळू सोडून देतो. ईयोब २२:२४ मध्ये ‘ओफीर’ म्हणजे सरळ सोनंच, पुढे ‘सोनं’ हा शब्दही नाही. पैठण कुठे आहे ते ठाऊक नसलेली बाईही पैठणी मागते, तसं. त्या ओळीत ‘अफार’ म्हणजे धूळ आणि ‘ओफीर’ यांची जोडी जुळवली आहे: सोनं धुळीत टाक. यशया १३:१२ मध्ये तर ‘ओकीर’ म्हणजे दुर्मिळ करीन आणि ‘ओफीर’ यांची: माणूस ओफीरच्या सोन्याहून दुर्मिळ करीन. कवीला नादाशी काम आहे, नकाशाशी नाही.

पत्त्याची जवळची खूण उत्पत्ती १०:२९ मध्ये आहे. तिथल्या वंशावळीत ओफीर हा यक्तान नावाच्या पूर्वजाचा मुलगा, शबा आणि हवीला यांच्या मधोमध बसलेला. शबा म्हणजे दक्षिण अरबस्तान. जहाजंही तांबड्या समुद्राच्या टोकाला, एसयोन-गेबेरला बांधलेली. शलमोनानंतर शंभरेक वर्षांनी यहोशाफाट राजाने ओफीरसाठी तिथेच पुन्हा जहाजं बांधली. ती बंदरातच फुटली.