नुसत्या लॅपटॉपचं वजन बघून काय उपयोग?

हलका लॅपटॉप निवडण्यावरच्या या लेखात दिलंय की रोजचा प्रवास असेल तर १ किलोच्या आतलाच घ्या, ठीक आहे, पण पाठीवर चार्जरपण असतो ना राव! म्हापसा ते पणजी उभ्याने आणि मग पुढे मडगावच्या शटल बसात बॅग मांडीवर घेऊन बसायचं म्हणजे सगळंच वजन जाणवतं. १३ इंची मॅकबुक एअर साधारण १.२४ किलोचा आहे, तोपण चालतो की, फक्त जो घ्याल तो टाइप-सी वर चार्ज होणारा बघा, म्हणजे ६५ वॉटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडवाला, आकाराने लहान) चार्जर घेतला की फोन आणि लॅपटॉप दोन्ही त्यावरच, तो जुना विटेसारखा अडॅप्टर घरीच राहूदे.

अजून एक, वजन कमी करायला कंपन्या कधीकधी बॅटरीच छोटी टाकतात, म्हणून जाहिरातीतले तास वाचत बसू नका, बॅटरी किती वॉट-अवरची (म्हणजे तिची क्षमता किती) ते बघा, ५० च्या खाली असेल तर मी तरी नाही घेणार. आणि रॅम १६ जीबी आधीच घ्या, हलक्या मॉडेलांत ती बहुतेक बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

स्क्रीन १३-१४ इंचीच बरी. १५.६ वाला बसमध्ये नीट उघडतच नाही, पुढच्या सीटला टेकतो 😄 आणि हो, जून ते सप्टेंबर बॅगेला रेन कव्हर असलं तरी आत एक प्लास्टिकची पिशवी पाहिजेच, बसच्या खिडकीतनं पाणी कुठनं येईल सांगता येत नाही.