पंच्याहत्तरीला कसलं डिप्रेशन म्हणे

आज विश्रामबागला बारशाला गेले होते. पंगतीत शेजारच्या बाई सासूबाईंचं सांगत होत्या, रात्रभर जाग्या असतात, जेवत नाहीत, बसल्याबसल्या डोळ्यातनं पाणी काढतात. म्हटलं एकदा मानसोपचारवाल्यांना दाखवा की. तर म्हणाल्या, "अगं पंच्याहत्तरीला कसलं डिप्रेशन, वय झालंय त्यांचं." आणि परत जिलेबी वाढून घेतली! माझा घास उतरेना.

आमचे तात्या, थोरले चुलते. मार्केट यार्डात हळदीचं दुकान, सौद्याला उभे राहिले की पलीकडच्या गाळ्यात ऐकू जायचं. काकी गेल्या आणि माणूस गप्पच झाला, आधी सांगलीच्या आमराई बागेतलं फिरणं सुटलं, मग पेपर, मग आंघोळीला सुद्धा मागं लागायला लागायचं. मन उदास आहे असं तात्या कधीच म्हणाले नाहीत, ती पिढी म्हणतच नाही, ती म्हणते छातीत धडधडतंय, पोटात गोळा येतोय. मग काय, गॅसच्या गोळ्या, गुडघ्याचे डॉक्टर, सोनोग्राफी, सगळं झालं. नावं विसरायला लागले तसं घरातल्या शहाण्यांनी स्मृतिभ्रंश ठरवून पण टाकला.

शेवटी मिरजेतल्या एका डॉक्टरांनी आधी थायरॉईड आणि बी-१२ तपासलं, मग निवांत बोलले आणि म्हणाले हे डिप्रेशन आहे, म्हाताऱ्या माणसात विसराळूपणा त्यानंही येतो, आणि औषधानं बराचसा मागं फिरू शकतो. गोळी अगदी कमी डोसनं सुरू केली. सोबत एक काम, रोज सकाळी थोडा वेळ दुकानात जाऊन बसायचं, हिशेब नाही काही नाही, नुसतं बसायचं. पहिले काही आठवडे चक्कर यायची, तात्या वैतागायचे, खोटं कशाला बोलू. पण नंतर एके दिवशी हमालावर ओरडले, पोतं उन्हात का ठेवलं म्हणून, आणि चुलतभावानं मला खास फोन करून सांगितलं की तात्या ओरडले!

हां, प्रत्येक उदासी आजार नसते, जोडीदार गेल्यावर माणूस रडणारच, मान्य. पण महिनोन् महिने झोप नाही, भूक नाही, त्याला वय म्हणायचं? मग बीपीला पण वय म्हणा आणि गोळ्या बंद करा की!

आणि सगळ्याला मोठा डॉक्टरच लागतो असंही नाही. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडांनी २००६ साली वस्तीतल्या आज्यांनाच ट्रेनिंग दिलं, दवाखान्याच्या आवारात बाक टाकला, तिथं बसून लोकांचं ऐकायचं आणि एकेका अडचणीतनं वाट काढायला मदत करायची. आपल्या गोव्यात साठीपुढच्या लोकांसाठी डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी असंच काम केलं, त्यात डिप्रेशन कमी जणांना आलं. आमराईत बाकं काय कमी आहेत? रिटायर्ड मास्तर, नर्सबाई रोज तिथंच बसून राजकारणावर भांडतात, दोघाचौघांना शिकवलं तर काय बिघडतं. तात्यांना पण दुकानात बसल्यावर शेजारचा गाळेवाला रोज चहा पाजून बोलतं करायचा, ते त्या गोळीइतकंच लागू पडलं असं मला वाटतं, डॉक्टर काही म्हणोत.

टेलिमानस म्हणजे मनाच्या आजारासाठीची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आजच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवा, फोनमधलं सेव्ह केलेलं म्हाताऱ्या माणसांना सापडत नाही.