स्कॅन झालेलं पान अजून वाचलेलं नसतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनतीनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण त्यातला एक मुद्दा मला खोडता येईना. तो खोडायचाच नाही असं ठरलं, तेव्हा लिहायला बसले.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत डिजिटल ह्युमॅनिटीजचं, म्हणजे इतिहास-साहित्याचा अभ्यास संगणकाच्या मदतीने करण्याचं, काम कसं वाढतंय, यावर मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर इथे बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या, ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या काकांचं म्हणणं असं: हे स्कॅनिंगला दिलेलं भारदस्त नाव आहे, ग्रंथपालाने वाचकाच्या हाती पुस्तक द्यावं, संशोधन संशोधक करतील, आणि जिथे वर्षानुवर्षं पदं भरली जात नाहीत, तिथे एम.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्रात पदव्युत्तर शिकणाऱ्या) मुलामुलींना संधींची स्वप्नं दाखवू नयेत.

स्कॅनिंगबद्दल आपलं भांडण नाही. काही वर्षांपूर्वी मी होते त्या ग्रंथालयाने जुने मराठी कागद बाहेरून स्कॅन करून घेतले. हार्ड डिस्क आली. उघडून पाहिलं तर फायलींना नुसते आकडे. कुठलं पान कुठल्या रुमालातलं (म्हणजे कापडात बांधलेल्या कुठल्या गठ्ठ्यातलं), पत्र कुठे संपतं, पाठपोट लिहिलेल्या कागदाची मागची बाजू कुठली, काही म्हणता काही कळेना. वर रुमाल परत बांधताना कागदांचा क्रम बदललेला. आधी निदान रुमाल सोडून शोधता यायचं, आता दोन्हीकडे घोळ. तो निस्तरण्यात आम्हा तिघींचा अख्खा उन्हाळा गेला. त्यामुळे एवढ्यालाच कोणी डिजिटल ह्युमॅनिटीज म्हणू लागलं, तर तुमच्याइतकाच मलाही राग येतो.

पण त्या उन्हाळ्यात आम्ही जे केलं, त्याला काय म्हणायचं?

एकच कागद सांगते. हातभर लांब, बोरूने लिहिलेला, मोडीतला. त्यावर साल असं घातलंय: ‘सु॥ सलास सबैन मया व अलफ’. तुम्हाला हे तोंडपाठ असणार. तीन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन, मराठी दप्तरांत वापरली जाणारी अरबी शब्दांतली कालगणना, ११७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२-७३. थोरले माधवराव गेले आणि नारायणराव पेशवे झाले ते हेच वर्ष. इकडे दमाजीरावांच्या मागे गायकवाडांच्या घरात गादीचा तंटा चालू होता. या काळावर काम करणारी एखादी मुलगी संगणकावर ‘१७७२’ असंच शोधणार ना? कागदावर तर १७७२ कुठेच नाही. आणि स्कॅनमध्ये अक्षरंसुद्धा नाहीत, ते नुसतं चित्र. कुणीतरी ते साल वाचायचं, हिशेब करायचा, नोंदीत इसवी सन घालायचं आणि शेजारी मूळ शब्द जसेच्या तसे ठेवायचे. म्हणजे आमचं चुकलं असेल, तर पुढच्याला ते पकडता येईल. मग गावाचं नाव. एका कागदात सोनगड, दुसऱ्यात सोनगढ. ती दोन्ही एका नावाखाली आणायची. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे माणसांच्या नावांचे तर किती अवतार होतात, ते तुम्हीच जाणता.

काका, हे तालिकीकरणच (कॅटलॉगिंगच) आहे. तुम्ही आयुष्यभर कार्डांवर हेच केलंत. कार्ड खणात बसायचं. ही नोंद सालाने, गावाने, लिहिणाऱ्याच्या नावाने, पत्रातल्या एखाद्या जिनसेनेही सापडते. आणि अशा हजारभर नोंदी एकत्र आल्या, की कुठल्या वर्षी कुठल्या गावाहून पत्रं वाढली, कुठली थांबली, हे नकाशावर मांडता येतं. एकेक कागद वाचताना हा प्रश्न सुचतसुद्धा नाही.

आता ग्रंथपाल आणि संशोधक यांच्यामधली भिंत. ती बडोद्याने कधी मानली? आपल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत संस्कृत विभागाचे ग्रंथपाल होते चिमणलाल दलाल. पाटणची जैन भांडारं, म्हणजे तिथले जुने पोथीसंग्रह, त्यांनी धुंडाळली, तिथल्या हस्तलिखितांच्या नोंदी केल्या. गायकवाड ओरिएंटल सिरीज या इथल्या ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, १९१६ साली आला, त्याच्या संपादकांत ते होते. पुढे इथल्याच ओरिएंटल इन्स्टिट्यूटने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली. १९६० ते १९७५ या काळात सात कांडं प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या आणून, ओळीखाली ओळ लावून पाठभेद टिपायचे, तेही सगळं हाताने. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने २०१३ साली रवींद्रनाथांचं लेखन ‘बिचित्रा’ या संकेतस्थळावर आणलं. एकाच कवितेची हस्तलिखितं आणि छापील आवृत्त्या शेजारी ठेवून फरक दाखवणारं ‘प्रभेद’ नावाचं साधन त्यात आहे. मी ते पहिल्यांदा वापरलं तेव्हा मला आपल्या रामायणाचीच आठवण आली. म्हणून हे बाहेरून आलेलं फॅड वाटत नाही मला. आपल्याच गावचं काम नव्या हत्यारांनी चाललंय असं वाटतं.

तिसरा मुद्दा मात्र तुमचा. तो मी मान्य करते. पदं रिकामी आहेत. जी कामं निघतात ती प्रकल्पावर निघतात, आणि प्रकल्प संपला की शिकलेली मुलगी घरी. स्कॅनरला पैसे मिळतात, वाचणाऱ्याला मिळत नाहीत. गेल्या लेखात ‘संधी’ हा शब्द मी फार सैल हाताने वापरला. तिथे ‘आज नोकरी तयार आहे’ असा अर्थ निघतो, आणि तो खरा नाही. ते वाक्य मी बदलते आहे.

तरी मुलामुलींना मी हे काम शिकाच म्हणेन, आणि त्याला कारण आहे. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात, जागा मिळाली ती २०१४ साली. हस्ताक्षर ओळखणारी साधनं आता आहेत, पण ती आपोआप मोडी वाचत नाहीत. आधी माणसाने पानंच्या पानं अचूक वाचून द्यावी लागतात, त्यावर यंत्र शिकतं, आणि त्याने वाचलेलं पुन्हा माणसाने तपासावं लागतं. बडोद्यात सफाईने मोडी वाचणारी जी माणसं मला माहीत आहेत, ती बहुतेक तुमच्या वयाची. ज्यांना संगणकावर नोंदी करता येतात, त्यांना मोडी येत नाही. या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या हाती आल्या, तर त्याच्यावाचून कुठल्याही ग्रंथालयाचं हे काम पुढे सरकणार नाही. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, त्याबद्दल तुम्ही अभिमानाने लिहिलंत. फिरत्या पेट्यांतून खेडोपाडी पुस्तकं पोचवली हे खरंच. पण त्याच बॉर्डननी १९११ साली इथे ग्रंथपालांना शिकवायचा वर्गही काढला. पेट्या भरायला आणि त्यांचा हिशेब ठेवायला माणसं लागत होती. आज स्कॅनिंगचा प्रस्ताव लिहिताना वाचणाऱ्याचा पगार पहिल्या ओळीत लिहावा, एवढं जरी आपण दोघांनी मिळून सगळीकडे लावून धरलं, तरी बराच फरक पडेल. तुमच्या शब्दाला इथे वजन आहे. माझ्या एकटीच्या म्हणण्याला तेवढं नाही.

आणि एक विनंती. लहानपणी आजोबांनी मोडीचा कित्ता गिरवून घेतला, असं तुम्ही प्रतिक्रियेत लिहिलंय. वर सांगितलेल्या त्या कागदात तिसऱ्या ओळीत घोड्यांच्या उल्लेखानंतर एक शब्द आहे. मी तो ‘चंदी’ (घोड्यांचा दाणा) वाचते, माझी सहकारी ‘बंदी’ म्हणते. पहिलं अक्षर शिरोरेषेत गुंतलंय. नोंदीत सध्या प्रश्नचिन्ह घालून ठेवलंय. तुम्ही हो म्हणालात तर ते पान मोठं छापून रविवारी सकाळी घरी घेऊन येते.